उतरलेला गंधार

दोन म्हाताऱ्या गिटारींमधली चांगली कोणती हे ठरवायला मला तीन रविवार लागले. खरं तर अर्धं मिनिट पुरलं होतं. उरलेला सगळा वेळ ते अर्धं मिनिट लपवण्यात गेला.

गिटार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गळ्यात पट्टा अडकवलेला तरुण येतो. ती ही नव्हे. ही विजेवर वाजणारी स्टील गिटार. चार पायांवर टेबलासारखी उभी राहते आणि वाजवणारा तिच्यापुढे जेवायला बसल्यासारखा खुर्चीवर बसतो. तारा पट्टीपासून चांगल्या उंच असतात. त्या दाबायच्या नसतातच. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत सळी धरून ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून छेडायचं. सूर असा घसरत जातो की लग्नाच्या मांडवात जेवणारी माणसं हातातला घास हातात ठेवून ऐकतात. निदान मास्तर वाजवायचे तेव्हा ऐकायची. मी वाजवायला बसलो की वाढप्याला हाका मारायची.

मास्तर मानवतचे. कापसाच्या हंगामात जिनिंगवर वजनकाट्यापाशी उभे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बसलेले, असं त्यांचं वर्ष दोन भागांत वाटलेलं होतं. मी पाटबंधारे खात्यात चिकटलो त्याच वर्षी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो आणि निवृत्त होईपर्यंत जातच राहिलो. एवढ्या काळात माणूस ज्ञानेश्वरी पाठ करतो. मी साताठ गाणी बसवली, तीही मास्तर समोर असले तरच बरी वाजायची.

शिकवणी बाहेरच्या खोलीत चालायची. आत स्वयंपाकघरात काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी. मध्येच त्या चहा घेऊन बाहेर यायच्या, कप ठेवायच्या, गिटारीच्या खुंट्या पदरानं पुसायच्या आणि एक शब्द न बोलता आत जायच्या. मला त्या स्वच्छतेची गंमत वाटायची. कोपऱ्यातल्या तबल्यावर बोटभर धूळ असायची, तिकडे त्यांचं लक्ष नसे. खुंट्या तेवढ्या चकाचक. प्रत्येक घरात बाईची एकेक खोड असते, असं समजून मी चहा प्यायचो.

मास्तर गेल्या थंडीत गेले. चैत्रात काकूंचा फोन आला, येऊन जा म्हणून. परभणीहून मानवतला एसटीनं जायचं म्हणजे मला आता डोळे मिटूनही जमेल. गेलो तर बाहेरच्या खोलीत दोन्ही गिटारी शेजारी शेजारी मांडून ठेवलेल्या, वरची फडकी काढलेली.

काकू म्हणाल्या, "मी पोरीकडं जायलेय परभणीला. तिच्या घरात एकच मावंल. एक तुमी न्या. कोणती न्यायची ते तुमीच बगा वाजवून. पर ह्यांचा आवाज जिच्यात हाय ती मला ऱ्हाऊ द्या. दुसरी बिनघोर न्या."

अट इतकी सरळ होती की तिच्यात पळवाट काढायला सरकारी नोकरीचा अनुभव लागावा. तो माझ्याजवळ होता.

एक गिटार विलायती. मास्तरांनी ती तरुणपणी हैदराबादेत देश सोडून जाणाऱ्या कुणा गृहस्थाकडून घेतली होती. काळी कुळकुळीत, कडेनं साईचा रंग, आणि एकीला एक लागून दोन दांड्या, प्रत्येकीवर आठ तारा. मास्तर वाजवायचे फक्त मागच्या दांडीवर. पुढच्या दांडीवर त्यांचं चष्म्याचं घर आणि अडकित्ता असायचा. तिचे तीन पाय मूळचे चकचकीत आणि चौथा मानवतच्याच वेल्डरनं पाण्याच्या पाइपातून करून दिलेला. दुसरी गिटार कलकत्त्याची, एकाच दांडीची, सागवानी, रंग शाळेतल्या बाकासारखा. मास्तर तिला "ही घरातली" म्हणायचे. विलायतीला काही म्हणायचे नाहीत, नुसता हात ठेवायचे.

मी विलायतीपुढे बसलो. सळी उचलली, नख्या चढवल्या आणि जे पहिलं आठवलं ते छेडलं. अर्ध्या मिनिटात माझ्या अंगावर काटा आला. खोलीत मास्तर बसले होते. हात माझा, चुका माझ्या, पण तो जो सूर तारेवरून निघून हळूच खाली बसायचा, तो तसाच्या तसा. मी सळी उचलली आणि आत पाहिलं. काकू स्वयंपाकघरात उंबऱ्यापाशी ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला होता.

माणसानं तिथंच उठून सांगावं, काकू, ही तुमची. मी म्हणालो, "असं घाईत नाही ठरवता यायचं, काकू. दोन्ही नीट तपासाव्या लागतील."

त्याचं कारण सांगतो. मला ती विलायती हवी होती. चाळीस वर्षं हवी होती. मास्तर तिच्यावर फडकं टाकायचे तेव्हा मी चप्पल घालता घालता मागे वळून बघायचो. ती कधीतरी माझी होईल हा विचार मनात आला की मास्तरांच्या मरणाचाही विचार आपोआप यायचा, आणि मग मला स्वतःचीच लाज वाटायची. एवढं सगळं सोसल्यावर अर्ध्या मिनिटात ती सोडून द्यायची म्हणजे अन्यायच होता.

तेव्हा मी तपासणी सुरू केली. माझी निम्मी नोकरी येलदरीला धरणावर पाण्याची पातळी वाचून वहीत लिहिण्यात गेलेली. पट्टीवर जो आकडा दिसतो तो लिहायचा, आपलं मत लिहायचं नाही. त्या सवयीनं मी एक नवी वही घेतली, दोन रकाने पाडले आणि पहिल्यांदा फोन बाहेर काढला. फोनमध्ये सूर मोजायची सोय आहे. तार छेडली की सूर बरोबर असल्यास हिरवा दिवा, चढला किंवा उतरला असल्यास लाल. विलायतीच्या बाकीच्या सगळ्या तारा हिरव्या आल्या, गंधाराची तेवढी लाल. उतरला होता. फार नाही, केसभर. मास्तर गेल्यावर कुणी हात लावला नसेल, म्हणून उतरला असणार, असं मी वहीत लिहिलं आणि खुंटी पिळून दिवा हिरवा केला. मग कलकत्तीकडे वळलो. तिचाही गंधारच लाल होता. एकाच घरातल्या दोन गिटारींचा एकच सूर नेमका तेवढाच उतरतो, याचं नवल वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं, हवामान. तोही हिरवा केला. आता दोघी एका पातळीवर आल्या, आता न्याय होईल, असं मला खरोखर वाटलं.

त्यानंतरचे दोन रविवार मी जे काही केलं त्याला परीक्षा म्हणतात. विलायतीच्या तारा एकमेकींना चिकटून. माझा अंगठा जाडा, एकीला हात लावावा तर शेजारीण बोलते. कलकत्तीच्या तारा ऐसपैस, पण त्या जिच्यावर टेकतात ती घोडी ओबडधोबड, आणि सळी सरकवली की खरखर ऐकू येते. विलायतीचा सूर एकदा छेडला की नळ बंद करेपर्यंत पाणी वाहावं तसा वाहत राहतो. कलकत्तीचा नाकातून येतो आणि लवकर संपतो. शिवाय छताचा पंखा चालू असला की तिच्यातून गुंऽऽ असा आवाज निघतो. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पंखा बंद करून गिटार तपासणाऱ्या माणसाला लोकांनी थोडा मान द्यायला हवा. घामानं नख्या बोटांतून निसटत होत्या आणि मी लिहीत होतो. विलायतीच्या घोडीजवळ, जिथं उजव्या हाताचा तळवा टेकतो, तिथला रंग घासून पार गेला होता आणि खालचं पिवळं लाकूड दिसत होतं, हळकुंडाएवढं. तेही मी लिहिलं, वजा बाजूला.

एक गोष्ट मात्र वहीत नव्हती. पहिल्या दिवशी ऐकलेला तो आवाज नंतर दोन्हीतल्या एकीतूनही आला नाही. मी म्हटलं, बरंच झालं. पुरावा गेला.

काकू एकदाच म्हणाल्या, "लय दिस चालली परीक्षा."

तिसऱ्या रविवारी मी निकाल सांगितला. काकू पुन्हा धान्य निवडत होत्या, या वेळी तूर. मी सांगितलं की मास्तरांचा आवाज म्हणजे ही कलकत्ती. मी खोटं बोलतो तेव्हा तपशील फार देतो. सागवान कसं जुनं होत जातं आणि सूर कसा गोड करतं, तारांखालचं लोहचुंबक वयानं कसं नरम पडतं, विलायती माल दिसायला छान पण आपल्या गाण्याला कसा कोरडा, असं बराच वेळ बोललो. काकूंनी मान वर केली आणि विलायतीच्या त्या घासलेल्या जागेकडे बोट केलं.

"मग हे कामून झिजलंय?"

"नेण्याआणण्यात," मी म्हणालो. "टेम्पोत घासलं जातं."

"आसंल," काकू म्हणाल्या आणि तुरीतला खडा काढून बाजूला ठेवला. मी त्याच दिवशी विलायतीचे पाय सोडवले आणि ती घेऊन आलो.

घरी बायकोनं तिची उंची पाहिली आणि इस्त्रीला बरी आहे म्हणाली. मी आनंदात होतो. मागच्या दांडीवरच्या आठच्या आठ तारा बदलल्या, वायर बदलली, आवाज मोठा करणारा नवा डबा आणला. दर सकाळी फोन समोर ठेवून सगळे दिवे हिरवे करायचो आणि वाजवायला बसायचो. निघायचं ते गाणं आमच्या ऑफिसच्या पत्रासारखं, बिनचूक आणि कोरडं. कुठंतरी काहीतरी टोचायचं, पण फोन म्हणायचा सगळं बरोबर आहे, आणि निम्मी नोकरी पट्टीवरचा आकडा लिहिण्यात गेलेल्या माणसाला स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायचं वळण नसतं. शेवटी मला वाटलं, दोष गिटारीच्या अवस्थेत असेल. ते उघडं पडलेलं लाकूड तर मला सुरुवातीपासून बघवत नव्हतं. गाड्यांना रंग देणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे ती नेली. त्यानं ती जागा घासून, खळग्यात लांबीचा लगदा भरून, असा काही काळा रंग मारून दिला की कुठं झिजली होती ते शोधून सापडू नये. मी खूश झालो. घरी आल्यागेल्याला दाखवलं. सूर काही सुधारला नाही.

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मी काकूंच्या लेकीच्या घरी गेलो. परभणीतच, माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, तरी सहा महिने गेलो नव्हतो. का गेलो नव्हतो ते मला माहीत होतं. काकूंच्या खोलीत खिडकीखाली कलकत्ती उभी होती. आदल्या दिवशीच्या खंडेनवमीचं हळदकुंकू तिच्या कडेला लावलेलं, तारांना लागू न देता, आणि वर एक झेंडूचं फूल. मी सोनं दिलं, पाया पडलो.

"वाजवा की," काकू म्हणाल्या. "आल्यापासून गप हाय ती."

मी खुर्ची ओढली आणि सवयीनं फोन काढला. तार छेडली. गंधार लाल, केसभर उतरलेला. मी खुंटीला हात घालणार तोच काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." मग स्वतः उठून आल्या, पदराचं टोक खुंटीवर धरलं, ती थोडी आणखी सैल केली, एका बोटानं तार छेडली, पुन्हा जरा आवळली. तीच ती, चाळीस वर्षं पाहिलेली पुसण्याची हालचाल. "हां," म्हणाल्या. "आता."

मी वाजवलं. त्या नाकातून बोलणाऱ्या, खरखरणाऱ्या कलकत्तीतून मास्तर आले.

माझे हात थांबले. काकू सांगत होत्या, दुधाचा भाव सांगावा तसं, की ह्यांचा हात सोन्याचा पण सूर लावायची चिकाटी नव्हती. पहिल्यापासून गंधार चढा ठेवायचे. शेवटची काही वर्षं तर वरचे सूर ऐकूच येत नव्हते. "मग काय, मीच लावायचे. भायेर कुणी असलं तर बाईमाणसानं मधी मधी करावं का, म्हून चहाच्या निमतानं."

"तुम्ही शिकलात कुठं?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात. कानाला टोचायलं की उतरवायचं. टोचायचं थांबलं की सोडायचं."

म्हणजे ज्या आवाजासाठी मी खोटं बोललो तो विलायतीत नव्हता आणि कलकत्तीतही नव्हता. तो स्वयंपाकघरातून यायचा. आणि तो बरोबर लावलेला होता तेव्हा मी पहिल्याच दिवशी, चूक समजून, दोन्हीतून पुसून टाकला होता. मला हसू आलं, कारण या हिशेबानं माझं खोटं अगदीच खोटं ठरत नव्हतं. कोणतीही गिटार दिली असती तरी चाललं असतं. मी जवळजवळ सुटलो होतो.

तसं मी बोलूनही दाखवलं. म्हणालो, "म्हणजे काकू, तुम्हाला दोन्हीतली कोणतीही चालली असती."

काकू खाटेवर बसल्या. "आवाजाला चालली असती," त्या म्हणाल्या. "आवाज मी कशातबी लावीन. मला ती काळी पायजे होती. तिच्यावर ह्यांचा हात घासून ती जागा झालेली हाय ना, घोडीपाशी. तिथं आपला तळवा ठेवला की बरूबर बसतो. तेवढंच. तुमाला तोंडानं सांगायची लाज वाटली, म्हून आवाज म्हणलं. म्हणलं, ह्यांना कळंलच."

मला कळलं होतं. अर्ध्या मिनिटात कळलं होतं. मी हातात दिलेलं पानाचं तबक खाली ठेवलं, काहीतरी कारण सांगितलं आणि घरी आलो. गिटारीपुढे बसलो आणि त्या गुळगुळीत काळ्या रंगावरून बोट फिरवून पाहिलं. कारागिरानं काम इमानदारीनं केलं होतं.

रविवारी मी विलायती रिक्षात घालून काकूंकडे नेली. जिन्यातून वर चढवली, चारही पाय लावले आणि खिडकीखाली कलकत्तीच्या शेजारी उभी केली. काकू जवळ आल्या, फडकं बाजूला केलं आणि न बघताच उजवा तळवा घोडीजवळ ठेवला. मग तो थोडा डावीकडे सरकवला. मग थोडा उजवीकडे. मग चष्मा लावून वाकून पाहिलं.

मी सगळं सांगितलं. निकाल खोटा होता हे सांगितलं, टेम्पोचंही सांगितलं, रंगाचं सांगितलं. मला वाटत होतं त्या रागावतील, आणि रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"खोटं तर तवाच कळलं होतं," काकू म्हणाल्या. "तुमी लय बोलत होता. म्हणलं, एवढी पायजे हाय तर जाऊ द्या. मागितली असती तरी दिली असती." हात अजून त्या रंगावरच होता. "रंग चांगला बसलाय."

त्यांनी मला कलकत्ती न्यायला लावली. नको म्हणण्याचा अधिकार मला उरला नव्हता. आता ती माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात तिची गंधाराची तार तुटली. मी नवी तार चढवली आणि आवळत आवळत फोनवरचा दिवा हिरवा केला. ऐकलं तर टोचत होतं. फोन बाजूला ठेवला आणि खुंटी सैल करायला घेतली. किती सैल करायची ते मला येत नाही. मी थोडं उतरवतो, छेडतो, आणखी थोडं उतरवतो, आणि मग अंदाजानं कुठंतरी थांबतो. मग फोन लावून काकूंना तार ऐकवतो. त्या तिकडून म्हणतात, अजून जरा. मी अजून जरा उतरवतो. त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "आता ऱ्हाऊ द्या," आणि तेव्हा त्यांचा दुसरा हात कुठं ठेवलेला असेल याचा विचार मी करत नाही.